छत्तीस फुटी जुनी कन्व्हर्टिबल यॉट : लातूरहून अकरा महिने वापरल्यावर

आधी एक गैरसमज काढून टाकतो. ‘कन्व्हर्टिबल’ म्हणलं की गाडीवाले पहिला प्रश्न विचारतात, छप्पर उघडतं का? नाही उघडत. बोटीच्या धंद्यात कन्व्हर्टिबल म्हणजे दुहेरी कामाची बोट. मागं पाण्याला टेकलेलं मोकळं कॉकपिट, मासा ओढून घ्यायला. मधे काचांची बसायची खोली, तिला सलून म्हणतात. त्यापुढं दोन पायऱ्या उतरलं की झोपायच्या खोल्या आणि संडास-न्हाणी. सुकाणू वर, माळवदावर. त्याला फ्लायब्रिज. आज मासेमारी, उद्या बायकापोरं घेऊन मुक्काम, म्हणून कन्व्हर्टिबल.

आमच्या घरात आईच्या गळ्यात माळ. त्यामुळं मासेमारीचा अर्धा भाग पहिल्या दिवशीच बाद झाला. कॉकपिटमधला मासे ठेवायचा मोठा कप्पा आम्ही वॉशिंग पावडर लावून तीनदा घासला, आता त्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचा डबा असतो.

आम्ही लातूरचे. एप्रिल २०१६ मधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेच लातूर. ती गाडी बघायला स्टेशनवर जमलेल्या गर्दीत मीपण होतो. त्या गावच्या माणसानं बोट घेतली म्हणल्यावर लोक काय बोलले असतील ते वेगळं लिहायला नको. मामा तेवढे एकदाच बोलले, “नळाला आठ दिवसानं पाणी, अन् ह्यांना जहाज पायजे.”

भागीदार तिघं. माझं ट्रॅक्टर-हार्वेस्टरच्या डिझेल पंपाचं वर्कशॉप आहे. दाजींची ऊसतोडणीची यंत्रं आहेत. चुलतभाऊ मर्चंट नेव्हीत इंजिनिअर, सहा महिने जहाजावर, सहा महिने घरी. खूळ त्याचं, पैसा बराचसा दाजींचा आणि काळे हात माझे. बोट धरमतरच्या खाडीत मुरिंगवर, म्हणजे पाण्यातच तळाशी पक्क्या केलेल्या दोराला बांधून, असते. रात्री लातूर-मुंबई गाडीत बसायचं, सकाळी सीएसएमटी, टॅक्सीनं भाऊचा धक्का, तिथून रो-रो बोटीनं तासाभरात मांडवा. दारातून निघाल्यापासून बोटीवर पाय ठेवेपर्यंत चौदा तास. हे आधीच सांगतो, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी या चौदा तासांमुळं घडल्या.

घेण्याआधी सात बोटी बघितल्या. पेट्रोल इंजिनाच्या, मागं पाय लोंबकळणाऱ्या स्टर्नड्राइव्हच्या चकचकीत बोटी स्वस्तात होत्या. त्या मी दारातूनच परत केल्या. एक तर इंजिनखोलीत पेट्रोलची वाफ साचली आणि पंखा न लावता चावी फिरवली तर स्फोट. दुसरं म्हणजे तो ॲल्युमिनियमचा पाय खाऱ्या पाण्यात बारमाही बुडलेला राहिला की सडतो. मुरिंगवर ठेवायची बोट असेल तर डिझेल आणि सरळ शाफ्ट, यात मला दुमत नाही. भावाच्या मनात ट्रॉलर यॉट होती, जड पोटाची, सात-आठ नॉट्सनं, म्हणजे ताशी तेरा-पंधरा किलोमीटरनं, निवांत चालणारी. प्रवासाला खरी तीच. पण जुन्या बाजारात आम्हाला ती मिळाली नाही. कन्व्हर्टिबल मिळाल्या दोन.

आता इथं मुख्य गोष्ट येते. त्या दोनपैकी पहिलीच्या इंजिनांवर बावीस वर्षांत फक्त ६४० तास. दलाल त्या आकड्याची आरती करत होता. दाजी तर बयाणा द्यायला खिशात हात घालून उभे. मी म्हणलं, थांबा. आमच्याकडं हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैल घेताना दात बघतात, खूर बघतात आणि मग विचारतात, औताला कधी धरला होता? वर्षानुवर्षं दावणीला नुसता बांधून ठेवलेला बैल कुणी डोळे झाकून घेत नाही. डिझेलचं तसंच आहे. बोटीच्या इंजिनाच्या आत गोडं पाणी फिरतं, पण त्या गोड्या पाण्याला थंड करायला बाहेरून समुद्राचं पाणी घेतात आणि ते शेवटी धुराच्या नळीत सोडून बाहेर टाकतात. इंजिन चालत असलं तर हे पाणी वाहतं. उभं असलं तर तेच खारं पाणी कूलरच्या नळ्यांत आणि एक्झॉस्टच्या कोपरात बसून धातू खात राहतं. पाणी खेचणाऱ्या रबरी इम्पेलरच्या पाकळ्या एकाच बाजूला वाकून ताठतात. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नोझलमधे त्या डिझेलचा डिंक होतो. मी एक्झॉस्टचं कोपर खोलून दाखवा म्हणलं. दलाल म्हणला, वॉरंटीचा प्रश्न येतो. बावीस वर्षांच्या इंजिनाला! आम्ही चहा पिऊन उठलो.

दुसरी १९९८ची, अमेरिकेत बांधलेली, आखातातून फिरून आलेली. मीटर २,९१० तास. पण तिच्याबरोबर एक जाड वही होती. तेल कधी बदललं, इम्पेलर कधी, कूलर कधी खोलून धुतले, सगळं तारखेनिशी, दोन वेगवेगळ्या अक्षरांत. ती वही बघूनच माझं मन बसलं. बोट घेताना मीटर कमी आणि वही नाही, किंवा मीटर जास्त आणि वही आहे, यातलं दुसरं घ्या.

बोट आणि इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांची नावं सांगत नाही, कारण पुढं ज्या तक्रारी आहेत त्या सत्तावीस वर्षांच्या म्हातारपणाच्या आहेत, बनवणाऱ्याच्या नव्हेत.

ट्रायलच्या दिवशी इंजिन थंड असलं पाहिजे, हे आधी बजावून ठेवलं होतं. तरी गेलो तर हेड कोमट. जुना ट्रॅक्टर विकणारासुद्धा सकाळी तेच करतो, गिऱ्हाईक यायच्या आधी एकदा चालू करून धूर काढून टाकतो. आम्ही परत फिरलो आणि न सांगता दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. सुरू होताना पांढरा धूर, तो मिनिटभरात गेला, ठीक. खरी परीक्षा पूर्ण थ्रॉटलची. इंजिनाची मिनिटाला कमाल फेरी २,८०० लिहिली असेल तर खोल पाण्यात पूर्ण दाबल्यावर ती गाठली पाहिजे. डावं इंजिन २,७६० ला गेलं. उजवं २,५२० वर अडून काळा धूर सोडायला लागलं. म्हणजे एक तर बोट ढकलणाऱ्या पंख्यावर (प्रोपेलरवर) आणि बुडावर बार्नॅकल, म्हणजे चिकटून वाढणारे शिंपल्यासारखे जीव, वाढलेत, किंवा पंखा जड आहे, किंवा हवा-डिझेल नीट जात नाही. बोट वर घेऊन बूड खरवडलं, दीडशे फेऱ्या वाढल्या. उरलेल्या इंजेक्टरमधे होत्या. ते सहा इंजेक्टर चिंध्यांत गुंडाळून मी रेल्वेनं लातूरला आणले आणि माझ्याच टेस्ट बेंचवर लावले. दोन नोझल फवारा न मारता नुसते लाळ गाळत होते. नवे बसवले, दाब जुळवला, परत नेले. आता दोन्ही इंजिनं २,७५०च्या वर जातात. सोयाबीनच्या हार्वेस्टरसाठी घेतलेलं मशीन समुद्राच्या कामाला आलं, याचा मला बोटीपेक्षा जास्त आनंद झाला.

बूड तपासायला प्लास्टिकची हातोडी पुरते. रांजण घेताना टिचकी मारतो तसं वाजवत जायचं. ठणठणीत आवाज म्हणजे फायबर धड, बद्द आवाज म्हणजे थर सुटलेला नाहीतर आत पाणी. या बोटीचं बूड भरीव फायबरचं आहे, पण डेकच्या पोटात बाल्सा नावाचं हलकं लाकूड असतं आणि स्क्रूच्या एखाद्या भोकातून पाणी गेलं की ते ओल्या पावासारखं होतं. पुढं नांगराच्या यंत्राभोवती दोन-अडीच फुटाचा पट्टा बद्द वाजला. ओलाव्याच्या मीटरनंही तेच सांगितलं. किंमत तेवढी उतरवून घेतली. खिडक्यांची गळती मात्र उन्हाळ्यात बघितल्यामुळं नजरेतून सुटली. घेताना पाइप लावून काचांवर पाणी मारा, एवढंच सांगतो.

शाफ्ट बोटीच्या पोटातून जिथं बाहेर पडतो तिथं स्टफिंग बॉक्स असतो. दाजींनी तिथून थेंब पडताना बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. मी म्हणलं, दाजी, विहिरीवरच्या पंपाच्या ग्लँडची दोरी आठवा. शाफ्ट फिरताना थेंब पडलाच पाहिजे, नाही पडला तर दोरी जळते. ते लगेच समजले. शेतकऱ्याला बोट समजावून सांगणं वाटतं तेवढं अवघड नाही. बुडाखाली रंग न देता ठेवलेले जस्ताचे तुकडे दाखवले तेव्हाही तसंच, ते झिजतात म्हणून पंखा आणि शाफ्ट वाचतात. जस्त नवंकोरं दिसत असेल तर खूश होऊ नये, कदाचित त्याची जोडणीच तुटलेली असते.

इथवर मी फार शहाणपणा दाखवला. आता चूक.

जनरेटर. त्याच्या मीटरवर २१० तास होते आणि ते बघून मी म्हणलं, वा, नवाच आहे. जो नियम मुख्य इंजिनांना लावून पहिली बोट नाकारली, तोच नियम तीन हात पलीकडच्या छोट्या इंजिनाला लावायचा राहिला. पहिल्याच महिन्यात त्याच्या कूलरमधून खारं पाणी आत शिरलं आणि मशीन धरलं. त्यातून दुसरी भानगड निघाली. बोट अमेरिकन, म्हणून सगळी वायरिंग ६० हर्ट्झची आणि निम्मी उपकरणं १२० व्होल्टची. चार पोलचा जनरेटर ६० हर्ट्झला १,८०० फेऱ्यांनी फिरतो, आपल्या ५० हर्ट्झला १,५००. इथं नवा ५० हर्ट्झचा बसवला तर एसीचा कॉम्प्रेसर मंद चालून तापतो. शेवटी नवा जनरेटर, नवा एसी, फ्रिज बदलून, ट्रान्सफॉर्मर काढून. घेतलेल्या किमतीच्या नऊ टक्के त्या एका चुकीत गेले. अमेरिकेत बांधलेली जुनी बोट बघत असाल तर इंजिनाआधी प्लगचे पॉइंट बघा.

दुसरा धडा खांदेरीजवळ मिळाला. शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतलेला हा बेटावरचा किल्ला, २०२५ मधे युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. पोरांना बाहेरून दाखवायला नेलं होतं. दुपारचं वारं सुटलं, लाट जरा उंच झाली आणि डावं इंजिन खोकून बंद. डिझेलची जुनी टाकी. पंचवीस वर्षांचा गाळ शांत पाण्यात तळाला बसलेला, बोट हलली की ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो. खाडीतल्या ट्रायलमधे हे कधीच कळणार नाही. दुसऱ्या इंजिनावर परत आलो, दोन इंजिनांचा खर्च तिथं वसूल झाला. टाकी बदलायची म्हणजे कॉकपिटची फरशी कापावी लागते, कारण बांधताना टाकी ठेवून वरून मजला घातलेला. हवेचा हलका दाब देऊन बघितलं, टाकी गळत नाही. म्हणून कापली नाही, आतून उपसून स्वच्छ केली. आता फिल्टर तुंबायला लागला की दाखवणारा व्हॅक्यूमचा काटा लावलाय आणि बाकड्याखाली वीस फिल्टर कायम.

चालायला कशी आहे, तर खोल इंग्रजी व्ही आकाराचं बूड असल्यानं लाट फोडते छान, आपटत नाही. ही कल्पना रेमंड हंट या अमेरिकन आखणीकाराची. त्याच्या आराखड्यावरच्या ३१ फुटी ‘मॉपी’नं १९६० मधे मायामी-नासाऊ शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली आणि त्यानंतर डिक बर्ट्रामनं तशा बोटी बांधायला काढल्या. पण तेच बूड उभं राहिलं की पाळण्यासारखं डोलतं. नांगर टाकून जेवायला बसलं की आमच्या निम्म्या लोकांचे चेहरे हिरवे. वर फ्लायब्रिजवर हा झोका दुप्पट लागतो. तिथं चढायची शिडी जवळजवळ उभी आहे, आईला एकदाही वर जाता आलं नाही. आणि आमच्या बोटीला खाली दुसरं सुकाणू नाही. म्हणजे ऊन असो की पाऊस, चालवणारा माळवदावर आणि घरची माणसं खाली सलूनमधे, त्यांच्या पायाखाली दोन इंजिनं गरजतायत. गप्पा मारत प्रवास करायचा असेल तर ही मांडणी योग्य नाही, हे मी आज स्पष्ट सांगेन. कॉकपिट मात्र घरच्या ओसरीसारखं आहे. सगळं तिथंच घडतं, भाजी चिरण्यापासून भांडणापर्यंत.

डिझेल. अठरा नॉट्सनं, म्हणजे ताशी तेहतीस किलोमीटरनं, दोन्ही इंजिनं मिळून तासाला नव्वद लिटर पितात. लिटरला एक तृतीयांश किलोमीटरपेक्षा जरा जास्त, असं दाजींना सांगितल्यावर ते बराच वेळ पाण्याकडं बघत बसले. पण सात नॉट्सला तीच बोट सोळा लिटरवर येते. पाण्यावरच्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ गुणिले १.३४, हे जुनं सूत्र आमच्या बोटीला साडेसात नॉट्स देतं. त्याच्या आत राहिलं की बोट पाणी कापत जाते, वर गेलं की स्वतःच्याच लाटेवर चढायला इंधन जाळते. आम्ही आता नव्वद टक्के वेळ सातनंच जातो. भाऊ चिडवतो, शर्यतीचा खोंड घेऊन बैलगाडीला जुंपला.

वेळ पहाटेची. हिवाळा-उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचं वारं चढतं. मुरुडकडं जाताना ते पाठीशी असतं म्हणून कळत नाही, येताना सगळं तोंडावर. आम्ही पाचला निघतो आणि अकराच्या आत नांगर टाकतो. रात्री चालत नाही. कोळ्यांच्या डोलजाळ्यांचे खुंट आणि दोर अंधारात दिसत नाहीत, एक दोर पंख्यात गेला की दिवस संपला. आमच्या बोटीवरचे पगारी तांडेल, म्हणजे नाखवा, त्यांना आम्ही तांडेलमामा म्हणतो. ते नसते तर हे आम्ही नुकसान सोसून शिकलो असतो.

तरी एक नुकसान सोसलंच. येळवसेला. मार्गशीर्षातली अमावस्या, लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी रानात. ह्या वर्षी रान मामांवर सोडून आम्ही नऊ माणसं भज्जी, उंडे आणि आंबिलाचं मडकं घेऊन बोटीवर. आंबील रेल्वेतून नेणं हा स्वतंत्र विषय आहे. दिवस झकास गेला. परतताना साडेतीनला खाडीत शिरलो आणि बोट हळूच, लोण्यात सुरी जावी तशी, चिखलात थांबली. आम्हाला अमावस्या म्हणजे येळवस एवढंच डोक्यात. अमावस्येला उधाण असतं, भरती जेवढी चढते तेवढीच ओहोटी खाली जाते, आणि इकडं उधाणाच्या दिवसात भरती दुपारी बाराच्या सुमाराला असली की ओहोटी संध्याकाळी सहाला, हे तांडेलमामांना पाठ होतं. पण त्यांनी एकला निघू म्हणलं तेव्हा आम्हीच अजून एक वाटी भज्जी घेतली होती. इंजिनं ताबडतोब बंद केली, नाहीतर समुद्राच्या पाण्याच्या वाटेनं चिखल कूलरमधे गेला असता. व्ही आकाराचं बूड असल्यानं बोट एका अंगावर कलंडत गेली. आंबील सांडलं. आई एका बाजूला टेकून हरिपाठ म्हणत बसली. तांडेलमामा बिडी पेटवून म्हणले, “घाबरू नका ताई, नऊला पाणी येईल आपल्याला घ्यायला.” नऊला वीस मिनिटं कमी असताना आलं.

पाण्याच्या एका बाबतीत मात्र आम्ही सगळ्यांना मागं टाकलंय. बोटीची गोड्या पाण्याची टाकी ३४० लिटरची. शेजारच्या मुरिंगवरचे मुंबईकर तेवढ्यात एक दिवस काढतात, आम्ही सात माणसं तीन दिवस. भांडी समुद्राच्या पाण्यानं घासून शेवटी तांब्याभर गोडं, आंघोळ अर्ध्या बादलीत. हे कुणाला शिकवावं लागलं नाही.

कागदांचं थोडक्यात. आयात झालेल्या बोटीची कस्टम्सची कागदं आणि आधीच्या देशातली नोंदणी रद्द केल्याचा दाखला नसेल तर बोट कितीही देखणी असो, पुढं बोलू नका. इथली नोंदणी, सर्व्हे, विमा यात आमचे चार महिने गेले. वर्षाचा खर्च किमतीच्या दहा टक्के धरा असं म्हणतात. आमचा, जनरेटर सोडून, सोळा झाला. तांडेलमामांचा पगार, मुरिंग, पावसाळ्यात बोट वर काढून ठेवायचं यार्ड, बुडाचा रंग. डिझेल त्यात चौथ्या नंबरला, हे मला अपेक्षित नव्हतं.

मे अखेरीला बोट वर काढली, इंजिनांतून गोडं पाणी फिरवलं, सप्टेंबरात परत पाण्यात सोडली. जून ते ऑगस्ट मी दर पंधरा दिवसाला जाणार होतो. दोनदा गेलो. पेरणी, मग फवारणीचे पंप दुरुस्तीला, मग भाऊ जहाजावर गेला.

परवा वही लिहायला बसलो. आता तिसरं अक्षर माझं आहे. घेतली तेव्हा मीटर २,९१०, आज ३,०२२. अकरा महिन्यांत ११२ तास. म्हणजे महिन्याला दहा. ज्या बोटीवर मी हसून चहा पिऊन उठलो होतो तिचे महिन्याला अडीचसुद्धा पडत नव्हते. दाजींना हा हिशेब अजून दाखवलेला नाही. शनिवारच्या गाडीची दोन तिकिटं काढलीयत, एक त्यांचं.